वाचनाची सुरुवात शब्बाथपासून करा

ज्यू धर्माबद्दल वाचायला सुरुवात करणाऱ्या एकाने विचारलंय की ऑर्थोडॉक्स, कन्झर्व्हेटिव्ह, रिफॉर्म या ज्यूंच्या जाती आहेत का. नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत रिफॉर्म चळवळ सुरू झाली आणि धर्मनियम आज कितपत पाळायचे, या वादातून हे पंथ ठळक झाले. सामूहिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ लागतात. ऑर्थोडॉक्स त्यात फक्त पुरुष मोजतात, रिफॉर्म स्त्रियाही.

पण माझं मत विचाराल तर पंथ नंतर वाचा. आधी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, आणि वर्षभराचे सण वाचा, म्हणजे सिनेगॉगमध्ये, त्यांच्या प्रार्थनास्थळात, काय चाललंय ते कळतं. अलिबागच्या इस्रायल आळीतलं सिनेगॉग पाहिलं तेव्हा मला हे जाणवलं. तोरा या ज्यूंच्या पवित्र ग्रंथाची गुंडाळी चर्मपत्रावर हाताने लिहिलेली असते. वाचताना अक्षरांना बोट लावत नाहीत, छोट्या हाताच्या आकाराची दांडी ओळीवरून फिरवतात. दर आठवड्याला एक भाग, वर्षात सगळी तोरा पूर्ण.

आणि आपल्या बेने इस्रायलींचा, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचा, मलिदा हा विधी विसरू नका. गोड पोहे, खोबरं, फळं ताटात मांडून एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं स्मरण करतात. पूर्वी ते तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून ते आपले शनिवार तेली!