४के, लाइव्ह आणि क्लाउड गेमिंगसाठी जीपॉन नेटवर्कमध्ये आधी काय बदलायचं?

प्रश्न: ओएलटी_सोळा

मांडणी अशी आहे. १६ पोर्टचा जीपॉन (एक फायबर अनेक घरांत वाटणारं तंत्र) ओएलटी, म्हणजे आमच्या बाजूचं मुख्य यंत्र, बी प्लस (प्रकाशाच्या ताकदीचा एक वर्ग) ऑप्टिक्स, प्रत्येक पोर्टवर १:६४ स्प्लिट, म्हणजे पूर्ण भरला तर १,०२४ घरं. ओएलटी ते बीएनजी (ग्राहकांची सत्रं सांभाळणारा राउटर) आणि बीएनजी ते कोअर राउटर, दोन्हीकडे १० गिगच्या दोन-दोन लिंक एलएजीमध्ये (अनेक लिंक जोडून केलेली एक लिंक). ग्राहक पीपीपीओईवर (लॉगिन करून जोडणी द्यायची पद्धत), पुढे सीजीनॅट (अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता वाटणारी पेटी). सर्वात लांबचं घर ८ किमीवर.

रात्री गर्दीच्या वेळी ४के अडखळतं. लाइव्ह सामना असला की जास्तच. ग्राफ मात्र ६० टक्क्यांच्या वर सरकत नाही. पुढची काही वर्षं बघावं लागू नये म्हणून सगळं एक्सजीएस-पॉनवर (जीपॉनची १० गिगची पुढची पिढी) न्यायचं डोक्यात आहे. पैसे आधी तिथेच घालावेत का?

उत्तर १: बिटमोजणी

एक्सजीएस-पॉन लागेल, पण आधी नाही. हिशोब मांडून बघा. ४केच्या एका प्रवाहाला साधारण १५ ते २५ एमबीपीएस लागतात, २० धरू. एका पोर्टवरच्या ६४ही घरांनी एकदम एकेक ४के लावलं तरी १.२८ जीबीपीएस होतात. जीपॉन खालच्या दिशेला २.४८८ जीबीपीएस देतो, ओव्हरहेड जाऊन २.३ च्या आसपास हाती लागतात. म्हणजे पोर्ट गच्च भरलेला नाही.

आता वर या. १,०२४ पैकी निम्मी घरं, ५१२ गुणिले २०, झाले १०.२४ जीबीपीएस. दोन लिंक चालू असताना बसतं, एक पडली की नाही. क्षमता कायम एक लिंक मेली आहे असं धरूनच मोजा.

आणि तो ६० टक्के नेमका कशाचा? एलएजीच्या बेरजेचा असेल तर त्याला काही अर्थ नाही. एक लिंक १०० वर आणि दुसरी २० वर असली तरी बेरजेचा ग्राफ ६०च दाखवतो. प्रत्येक लिंक वेगळी काढून बघा. बीएनजी ते कोअर या टप्प्यात दोन्ही टोकांचे मॅक (उपकरणांचे हार्डवेअर) पत्ते कायम तेच असतात, त्यामुळे हॅश (कोणतं पॅकेट कोणत्या लिंकवर ते ठरवणारा हिशोब) फक्त मॅकवर असेल तर बहुतेक वाहतूक एकाच लिंकवर जाते. तिथे आयपी आणि पोर्टवर हॅश लावा. ओएलटीच्या बाजूला उलटं आहे. तिथे पॅकेट पीपीपीओईत गुंडाळलेली असतात आणि काही स्विचना आतला आयपी दिसतच नाही. ग्राहकागणिक मॅक वेगळा असल्याने तिथे मॅकचा हॅशच बरा चालतो. दोन्हीकडे एकच सेटिंग चिकटवू नका.

उत्तर २: रांगेतलं_पॅकेट

लिंक समान वाटल्या गेल्या तरी पाच मिनिटांच्या सरासरीवर विसंबू नका. व्हिडिओ नळासारखा संथ वाहत नाही. ४ सेकंदांचा सेगमेंट (व्हिडिओचा तुकडा), २० एमबीपीएस, म्हणजे १० मेगाबाइट. १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर तो ०.८ सेकंदात पूर्ण वेगाने उतरतो, मग ३.२ सेकंद शांतता. सरासरी २० दिसते, प्रत्यक्षात एकतर १०० किंवा शून्य. लाइव्हमध्ये सगळे प्लेअर नवा सेगमेंट जवळपास एकाच क्षणी मागतात, त्यामुळे हे झटके एकमेकांवर चढतात. लहान बफरच्या स्विचवर मग ड्रॉप होतात आणि ग्राफला पत्ताही लागत नाही. आउटपुट ड्रॉपचे काउंटर दर १० सेकंदांनी वाचा. ते वाढत असतील तर लिंक भरली आहे, टक्केवारी काहीही सांगो.

दुसरी नेहमीची खोट प्लॅनच्या मर्यादेत असते. पोलिसर (मर्यादेवरची पॅकेट फेकणारा नियम) लावला असेल आणि बर्स्ट साइज (एका दमात जाऊ द्यायचा डेटा) अगदी तोकडी असेल, तर प्रत्येक सेगमेंटच्या सुरुवातीला पॅकेट गळतात, प्लेअर घाबरून ४केवरून एचडीवर येतो, जरा वेळाने पुन्हा वर चढतो. ग्राहक म्हणतो ‘स्पीड टेस्ट तर बरोबर येते’. पोलिसरऐवजी शेपर (पॅकेट न फेकता थोपवून सोडणारा) वापरा आणि जमेल तिथे एफक्यू-कोडेल (प्रवाहागणिक वेगळी, छोटी रांग ठेवणारी पद्धत). आरएफसी ८२९० (इंटरनेटचा तांत्रिक दस्तऐवज) हेच. क्लाउड गेमिंगला एमबीपीएस फार लागत नाहीत, रांगेतला विलंब कमी लागतो. त्यामुळे पिंग नुसता मोजू नका, अपलोड चालू ठेवून मोजा. रिकाम्या लिंकवर १२ आणि भरल्यावर २०० मिलिसेकंद येत असतील, तर एक्सजीएस-पॉन आणूनही घरातल्या राउटरमधली ती रांग तशीच राहील.

उत्तर ३: कॅश_जवळ_ठेवा

वरचं सगळं बरोबर, पण अंतर विसरू नका. जुन्या टीसीपीच्या सूत्राने ०.१ टक्का पॅकेट लॉस आणि ५० मिलिसेकंद राउंड ट्रिपला एका कनेक्शनवर जेमतेम ९ एमबीपीएस निघतात. तोच लॉस, पण कॅश (व्हिडिओच्या प्रती जवळ ठेवणारा सर्व्हर) ५ मिलिसेकंदांवर असेल तर ९०. नवे अल्गोरिदम याहून जास्त काढतात, तरी दिशा तीच. म्हणून मोठ्या सेवांचे कॅश सर्व्हर आपल्या नेटवर्कमध्ये किंवा जवळच्या एक्स्चेंजवर घ्या. साधा प्रॉक्सी लावून भागायचे दिवस गेले. वाहतूक एचटीटीपीएस आणि क्विकवर (दोन्ही एन्क्रिप्टेड) आहे, मधल्या पेटीला काही साठवता येत नाही.

कॅश बसवल्यावर तीन गोष्टी हमखास राहतात. पहिली, कॅशसोबतच्या बीजीपीमध्ये (नेटवर्कांनी आपापले पत्ते एकमेकांना कळवायची पद्धत) आयपीव्ही४चे प्रीफिक्स (पत्त्यांचे गट) जाहीर होतात आणि आयपीव्ही६चे राहून जातात. मग आयपीव्ही६चा ग्राहक लांबच्या कॅशवर जातो आणि अपस्ट्रीम (बाहेरच्या इंटरनेटची लिंक) भरत राहतं. दुसरी, कॅश सीजीनॅटच्या पलीकडे असतो, म्हणजे कॅशमधून येणारा प्रत्येक बिटही नॅटच्या पेटीतून जातो. कॅशने अपस्ट्रीमचा खर्च वाचेल, नॅटचा नाही. तो कमी करायचा उपाय म्हणजे घराघरात आयपीव्ही६ नीट चालू करणं, कारण ती वाहतूक नॅटला बगल देऊन जाते. तिसरी, स्वतःची लाइव्ह सेवा एनजिनएक्सवर (वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर) असेल तर ‘प्रॉक्सी कॅश लॉक’ (एका सेगमेंटसाठी एकच विनंती पुढे सोडणारी सेटिंग) चालू करा. मुळात तो बंद असतो, आणि बंद असला की नव्या सेगमेंटसाठी शेकडो विनंत्या एकदम ओरिजिनवर (मूळ सर्व्हरवर) जाऊन आदळतात.

ओएलटी_सोळा

लिंक वेगळ्या काढल्या. बीएनजी ते कोअर एक ९८ टक्के, दुसरी २२. हॅश मॅकवरच होता, बदलला. ड्रॉप थांबले. आयपीव्ही६चे प्रीफिक्सही खरंच जाहीर नव्हते. आता एक्सजीएस-पॉन नंतर करायचं म्हटलं तरी फायबरची तयारी आत्ता काय करून ठेवू?

उत्तर ४: स्प्लायसिंग_ट्रे

ऑप्टिकल बजेट (वाटेत प्रकाश किती घटला तर चालेल) कागदावर काढा. १:६४ स्प्लिटरचा लॉस सुमारे २०.५ डीबी (ही घट मोजायचं एकक). ८ किमी गुणिले ०.३५, म्हणजे २.८. चार कनेक्टरचे १.२, सहा स्प्लाइसचे (फायबरच्या सांध्यांचे) ०.६. झाले २५.१. बी प्लसची मर्यादा २८, हातात २.९ डीबी. जीपॉन आणि एक्सजीएस एकाच फायबरवर चालवायला बाहेरून कम्बायनर घातलात की आणखी १.२ च्या आसपास जातात आणि उरतात १.७. एवढ्यावर नेटवर्क चालवू नये. दोन वाटा आहेत. एक, दोन्ही तंत्रं एकाच मॉड्यूलमध्ये असलेले कॉम्बो पॉन पोर्ट घ्या, म्हणजे वेगळा कम्बायनर लागत नाही. दुसरी, लांबचे पोर्ट १:३२ करा. तिथे स्प्लिटरचे ३ डीबी वाचतात. नवे पोर्ट तर १:३२च ठेवा.

खरी गोम तरंगलांबीत आहे. जीपॉन खालच्या दिशेला १४९० नॅनोमीटरवर चालतो, एक्सजीएस १५७७ वर. तरंगलांबी वाढली की वाकलेल्या फायबरमधून जास्त प्रकाश गळतो. म्हणून आज ठीकठाक दिसणारं घर बदलाच्या दिवशी रडतं, आणि दोष नव्या ओएनटीला (घरातलं फायबरचं यंत्र) जातो. बदलायच्या आधी चालू फायबरवर १६२५ किंवा १६५० नॅनोमीटरचा, फिल्टरवाला ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाश कुठे गळतो ते दाखवणारं यंत्र) मारा. वाकलेल्या जागा तिथे ठळक दिसतात. बहुतेक वेळा गुन्हेगार भिंतीच्या कोपऱ्यात किंवा रोझेट पेटीत घट्ट गुंडाळलेला फायबर असतो. घरातल्या भागात जी.६५७.ए२ वापरा, तो ७.५ मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वळवलेला चालतो.

हिरवा एपीसी कनेक्टर निळ्या यूपीसीत खुपसलेला आढळला तर लगेच काढा. एकाचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं, दुसऱ्याचं सरळ. मध्ये हवेची फट राहते, काही डीबी जातात, आणि वर परावर्तनही होतं. ओएनटीवर प्रकाश उणे २५ डीबीएमच्या खाली गेलेली सगळी घरं आजच यादीत घ्या. बी प्लसची सीमा उणे २७ आहे, पण पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरलं की ते दोन डीबी सहज जातात.

उत्तर ५: रांगेतलं_पॅकेट

एक राहिलं. सीमेवरच्या राउटरवर येणाऱ्या पॅकेटची खूण शून्य करायचा नियम असेल तर तो तपासा. त्या बाइटमधले वरचे ६ बिट डीएससीपीचे (प्राधान्याची खूण), खालचे २ ईसीएनचे (गर्दीची सूचना). अख्खा बाइट पुसलात तर ईसीएनही जातो, आणि एल४एस (रांगेतला विलंब अगदी कमी ठेवायची नवी पद्धत) त्यावरच उभं आहे. आरएफसी ९३३०, २०२३. पुसायचेच असतील तर फक्त वरचे ६ पुसा. खात्री करायला ग्राहकाच्या बाजूने पॅकेट कॅप्चर करा आणि बाहेरून ईसीएन लावून पाठवलेली पॅकेट तशीच आत पोचतात का ते बघा.