मदत हवी आहे: ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांवर वंशद्वेषी शेरेबाजी, तक्रार कशी बांधायची?

पुण्यातल्या एका हॉस्टेलमध्ये मिझोरामच्या दोन मुलांना 'चिंकी', 'चायनीज' म्हणून रोज डिवचलं जातंय. व्हॉट्सॲप ग्रुपवरही तेच. त्यांच्यासाठी तक्रारीचा मसुदा करतोय.

यूजीसीच्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ च्या दुरुस्तीनंतर वंश, वर्ण, प्रांत, भाषा यांवरून केलेला छळही रॅगिंगच. मुलगा पहिल्या वर्षाचाच हवा असं नाही. म्हणून रॅगिंगविरोधी हेल्पलाइनवर (१८००-१८०-५५२२) नोंद करून तक्रार क्रमांक घेणार. वॉर्डनला नुसतं तोंडी सांगितलं की 'मस्करी होती हो' म्हणून प्रकरण मिटतं आणि हातात कागद उरत नाही.

ॲट्रॉसिटीचंही बघतोय. दोघेही अनुसूचित जमातीचे. दाखला परराज्यातला असला तरी संरक्षण मिळतं, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये स्पष्ट केलंय, तो निकाल सोबत ठेवलाय.

अडलंय ते पुढे. चॅट एक्स्पोर्ट केलं, मूळ फोन जपून ठेवलाय (नुसते स्क्रीनशॉट कोर्टात लंगडे पडतात). पण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्याचा भाग 'ब' तज्ज्ञाने भरायचा असतो. पुण्यात तो कोण भरून देतं, खर्च साधारण किती? आणि हॉस्टेलचा बंद व्हॉट्सॲप ग्रुप ॲट्रॉसिटी कायद्यातल्या 'लोकांच्या नजरेसमोर' अपमान झाला पाहिजे या अटीत बसतो का? अशी केस चालवलेल्या वकिलांनी कृपया सांगावं. मुलांची नावं मात्र विचारू नका.