स्प्रिंगर, गर्डर की 'स्प्रिंगचा चिमटा'? नेमका शब्द कोणता?

प्रश्न

जुन्या घाटाची क्रूझर मोटरसायकल घ्यायचं चाललंय. पुढच्या चाकावर उघड्या स्प्रिंगा दिसतात ना, तसली. जाहिराती चाळल्या तर कुणी 'स्प्रिंगर' लिहितं, कुणी 'गर्डर', कुणी 'स्प्रिंग फोर्क', तर कुणी नुसतंच 'व्हिंटेज सस्पेन्शन'. ही एकाच वस्तूची नावं आहेत की वेगवेगळ्या वस्तू? मराठीत 'स्प्रिंगचा चिमटा' म्हटलं तर चालेल का?

प्रतिसाद

'फोर्क'ला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या भागाला, 'चिमटा' बिनधास्त म्हणा, सायकलवाल्यांनी तो केव्हाच रुळवलाय. 'सस्पेन्शन'ला मात्र 'निलंबन' म्हणू नका, गाडीची खातेनिहाय चौकशी लागल्यासारखं वाटतं.

अडचण 'स्प्रिंगचा' या शब्दाची आहे. आजकालच्या साध्या टेलिस्कोपिक (एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या) फोर्कमध्येही स्प्रिंगच असते, फक्त नळीच्या आत, तेलात. त्यामुळे 'स्प्रिंगचा चिमटा' म्हणून वेगळं काहीच सांगितलं जात नाही. 'उघड्या स्प्रिंगचा' म्हणाल तर त्यात स्प्रिंगर आणि गर्डर दोन्ही येतात, आणि घेताना नेमका तोच फरक कळायला हवा.

स्प्रिंगरमध्ये पायांच्या दोन जोड्या असतात. मागची जोडी हँडलच्या दांड्याला पक्की, ती जागची हलत नाही. पुढची जोडी वरखाली होते. दोन्ही खाली 'रॉकर' नावाच्या आखूड तुकड्यांनी जोडलेल्या असतात आणि चाकाचा ॲक्सल या रॉकरवर बसतो. खड्डा आला की रॉकर फिरतो, पुढचे पाय वर ढकलले जातात आणि हेडलाइटच्या आसपासच्या स्प्रिंगा दबतात. त्यांच्या वर आणखी आखूड स्प्रिंगा दिसतात, त्या चाक परत खाली येतानाचा झटका खातात.

गर्डरमध्ये खाली काहीच हलत नाही. अख्खा चिमटा एकसंध असतो आणि चाकासकट वरखाली होतो. त्याचे सांधे वर, हँडलच्या मुळाशी, पट्ट्यांच्या दोन जोड्यांत असतात. स्प्रिंग बहुधा एकच, मधोमध. म्हणून फोटो पाहताना स्प्रिंगा मोजत बसू नका, सांधे शोधा. चाकाजवळ असतील तर स्प्रिंगर, हँडलजवळ असतील तर गर्डर. टेलिस्कोपिकच्या नळीवर कुणी बाहेरून शोभेची स्प्रिंग चढवली असेल, तर तीही या एका खुणेने उघडी पडते.

प्रतिसाद

वरचं पटलं, थोडी भर घालतो. 'स्प्रिंगर' हा शब्द लोकांच्या तोंडी बसला तो हार्ली-डेव्हिडसनमुळे. त्यांच्या मोठ्या गाड्यांवर हा चिमटा 1948 पर्यंत होता. 1949 ला तेलाचा टेलिस्कोपिक आला आणि त्या गाडीचं नावच 'हायड्रा-ग्लाइड' पडलं. व्हिन्सेंटने 1948 च्या सुमारास गर्डरला तेलाच्या डॅम्परची (स्प्रिंगची उसळी आवरणाऱ्या भागाची) जोड दिली आणि 'गर्ड्रॉलिक' असा जोडशब्द बनवला. म्हणजे शब्द जोडून नवीन माल खपवायची कला तेव्हाही जोरात होती.

मग 1988 मध्ये हार्लीने 'स्प्रिंगर सॉफ्टेल' काढून तो जुना चिमटा परत आणला. तुम्हाला जाहिरातीत दिसणाऱ्या बऱ्याच गाड्या या पुनरागमनानंतरच्या असणार. त्या नावातले दोन शब्द गाडीच्या दोन टोकांबद्दल आहेत, हे बरेच विक्रेतेही विसरतात. 'स्प्रिंगर' पुढच्या चिमट्यासाठी. 'सॉफ्टेल' मागच्या बाजूसाठी, म्हणजे दिसायला मागे शॉकअप नसलेली जुनी ताठ फ्रेम, पण शॉकअप खाली लपवलेले. नुसतं 'सॉफ्टेल' लिहिलं असेल तर पुढे साधा टेलिस्कोपिक असू शकतो.

'व्हिंटेज'चं तर विचारूच नका. ब्रिटनमधल्या जुन्या मोटरसायकलींच्या मंडळींच्या हिशेबात 'व्हिंटेज' म्हणजे 1930 पर्यंतची गाडी, आणि 1915 च्या आधीची असेल तर ती 'व्हेटरन'. त्या मापाने 1988 ची गाडी व्हिंटेज नव्हेच. तुमचा 'जुन्या घाटाची' हाच शब्द जास्त प्रामाणिक आहे. घाट जुना, गाडी जुनी असेलच असं नाही.

प्रतिसाद

'लीडिंग लिंक' हा शब्दही भेटेल. ते कुळाचं नाव समजा, स्प्रिंगर त्या कुळातला एक. ॲक्सल सांध्याच्या पुढे असेल तर लीडिंग, मागे असेल तर ट्रेलिंग. व्हेस्पाचं पुढचं चाक ट्रेलिंग. राजदूत 175 चा चिमटा लीडिंगच, पण अर्ल्स जातीचा, त्याचा सांधा चाकाच्याही मागे. तिला कुणी स्प्रिंगर म्हणत नाही, म्हणूही नये.

मूळ प्रश्नकर्ता

छान उलगडलं. आता घेताना 'स्प्रिंगर' एवढा शब्द पुरेसा आहे, की आणखी काही विचारावं?

प्रतिसाद

पुरेसा नाही. 'स्प्रिंगर' म्हटल्याने स्प्रिंगा आहेत एवढं कळलं. त्यांची उसळी आवरायला काय आहे, ते कळत नाही. जुन्या चिमट्यांत वेगळं असं काही नसायचं, सांध्यांच्या घर्षणावर भागायचं. घासणाऱ्या चकत्यांचा डॅम्पर पुढे आला. 1988 नंतरच्या गाड्यांत स्प्रिंगांच्या मध्ये तेलाचा एक शॉकअप असतो. म्हणून प्रश्न असा विचारा: "डॅम्पर कसला आहे?" उत्तरात पुन्हा स्प्रिंगांचंच वर्णन आलं, तर समोरच्याला माहीत नाही असं समजा.

वापरलेली गाडी असेल तर पुढचं चाक जमिनीपासून उचलून घ्या, चाक खालून दोन्ही हातांनी धरा आणि पुढे-मागे हलवा. रॉकरपाशी 'टक' जाणवलं तर बुश (सांध्यातल्या आखूड नळ्या) झिजलेत. मात्र हँडलचे बेअरिंग ढिले असले तरी चाक असंच हलतं, म्हणून दुसऱ्या कुणाला रॉकरवर बोट ठेवायला सांगा. टक नेमकी कुठे होते ते बोटाला बरोबर कळतं. ग्रीस निपल असतील तर त्यांच्याभोवती ताजं ग्रीस आहे का बघा. निपलवर रंग चढला असेल तर मालकाने ग्रीसगन कधी हातातच घेतलेली नाही.

ब्रेकचा जोर पेलणारी दांडी कुठे अडकवली आहे तेही पाहा. टेलिस्कोपिकचं नाक ब्रेक मारल्यावर खाली जातं. स्प्रिंगरचं तसं जात नाही, आणि ही दांडी कशी बसवली आहे त्यावर कधी उलट ताठही होतं. सवय नसलेल्याला ते विचित्र वाटतं, म्हणून चालवून पाहिल्याशिवाय सौदा करू नका.

आणि कुणी 'चॉपर स्प्रिंगर' म्हणत असेल तर जरा सावध. चिमटा लांब केला की त्याचा कोन आणि ट्रेल (हँडलच्या दांड्याची रेघ जमिनीला टेकते तिथपासून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर) दोन्ही बदलतात. फोटोत रुबाब दिसतो, पण सावकाश वळताना हँडल स्वतःच एका बाजूला कोसळायला बघतं.

मूळ प्रश्नकर्ता

एका जाहिरातीत 'अस्सल स्प्रिंगर' लिहिलंय. फोटोत खाली रॉकर दिसत नाहीत. वर पट्ट्यांच्या दोन जोड्या, मध्ये एकच जाड स्प्रिंग आणि बाजूला हाताने फिरवायची चकती.

प्रतिसाद

गर्डर आहे तो. चकती घर्षणाच्या डॅम्परची, घट्ट-सैल करायला. वस्तू वाईट नाही, फक्त तपासायची जागा बदलली: रॉकर सोडा, वरच्या पट्ट्यांच्या पिनांना प्ले (ढिलेपणा) आहे का बघा. आणि सुटे भाग मागवताना 'स्प्रिंगरचे बुश' मागू नका, भलतेच हातात पडतील.