मदत हवी आहे: जबड्याचं फ्रॅक्चर, ऑपरेशन की तारा? आणि संशोधनात नाव द्यावं का?

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या भावाची (वय 24) मोटरसायकल गेल्या आठवड्यात रस्त्यावरच्या वाळूवरून घसरली आणि तो थेट हनुवटीवर आपटला. हाफ हेल्मेट होतं, त्यामुळे डोकं वाचलं, तोंड नाही. खालचा जबडा दोन ठिकाणी मोडलाय: उजवीकडे सुळ्याच्या खाली, आणि डावीकडे कानापुढे जबड्याचा जो सांधा असतो, त्याच्या अगदी खाली. डॉक्टर म्हणाले, हनुवटीवर मार बसला की झटका वर सांध्यापर्यंत जातो आणि तिथलं बारीक हाड मोडतं, असे पेशंट त्यांच्याकडे नेहमी येतात.

पुढच्या फ्रॅक्चरचं ठरलं आहे. तोंडाच्या आतून चीर देऊन टायटॅनियमच्या छोट्या प्लेट आणि स्क्रू बसवणार. बाहेर व्रण राहणार नाही, आणि त्रास झाला नाही तर प्लेट पुन्हा काढायचीही गरज नाही.

अडलंय ते सांध्याजवळच्या फ्रॅक्चरपाशी. तिथे दोन मार्ग सांगितले. पहिल्यात काहीच कापायचं नाही. वरचे-खालचे दात तारांनी आणि रबरांनी बांधून जबडा साधारण दोन आठवडे बंद ठेवायचा, मग हळूहळू तोंड उघडण्याचे व्यायाम. यात हाड थोडं वाकडं जुळू शकतं, तोंड उघडताना जबडा एका बाजूला सरकू शकतो, दात पूर्वीसारखे एकमेकांवर न बसण्याचीही शक्यता असते. दुसऱ्यात कानाखालून, जबड्याच्या कडेमागून चीर देऊन हाड जागेवर आणायचं आणि तिथेही प्लेट लावायची. पण त्याच भागातून चेहऱ्याची नस जाते. ती ताणली गेली तर ओठ किंवा गाल काही काळ कमजोर पडू शकतो.

आता यात एक गोष्ट अशी आहे की मला रात्रभर झोप लागत नाही. भाऊ बँड पथकात ट्रम्पेट वाजवतो. लग्नसराईत घराला त्याच्या कमाईचा मोठा आधार असतो, आणि कमाई बाजूला ठेवली तरी ट्रम्पेट हा त्याचा जीव आहे. त्याला ओठांची ताकद हवी, जबडाही सरळ हवा. दोन्हींतलं एक निवडा म्हटलं तर काय निवडायचं? खालच्या ओठाला आत्ताच उजवीकडे बधिरपणा आहे, कारण पुढचं फ्रॅक्चर ओठाला संवेदना देणाऱ्या नसेच्या जवळ आहे. तो जायला महिने लागू शकतात असं सांगितलंय.

त्यात हे डेंटल कॉलेजचं हॉस्पिटल असल्यामुळे तिथे याच दोन उपचारांची तुलना करणारा अभ्यास चालू आहे. भाग घेतला तर कोणता उपचार मिळणार ते चिठ्ठी काढल्यासारखं ठरेल. पीजी करणाऱ्या डॉक्टर मॅडमनी मराठीतलं माहितीपत्रक दिलं, शांतपणे समजावलं, आणि नाही म्हटलं तरी उपचारात काही कमी होणार नाही हेही स्वतःहून सांगितलं. आई म्हणते, "माझ्या लेकरावर प्रयोग नको." मला तिचं सगळं पटत नाही. आज आपल्याला जे उपचार मिळतात ते आधीच्या पेशंटनी अशी नावं दिली म्हणूनच. पण माझ्या भावाच्या ओठाचा निर्णय चिठ्ठीवर सोडायला मन तयार होत नाही. सही त्याचीच लागणार आहे, आणि तो मोबाईलवर टाईप करून एवढंच म्हणतो, "ताई, तू विचारून सांग."

सोमवारपर्यंत कळवायचंय. कुणी यातून गेलंय का? डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

प्रतिसाद

ताई, मी मॅक्सिलोफेशियल (जबडा आणि चेहऱ्याचा) सर्जन आहे. पेशंट न बघता अमुकच करा असं सांगणार नाही, पण सीटी स्कॅनमधले दोन आकडे नक्की विचारा: मोडलेला तुकडा किती अंशांनी वाकलाय आणि जबड्याची त्या बाजूची उंची किती मिलिमीटर कमी झालीये. 2006 मध्ये एकेल्ट आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तोही असाच चिठ्ठी पद्धतीचा आणि अनेक केंद्रांत केलेला. 10 ते 45 अंश वाकलेल्या किंवा 2 मिलिमीटरपेक्षा जास्त उंची घटलेल्या फ्रॅक्चरमध्ये दोन्ही उपचारांचे निकाल स्वीकारण्याजोगे होते, पण ऑपरेशनचे सरस ठरले. म्हणून आकडे मोठे असतील तर स्पष्ट विचारा, "माझ्या भावासाठी दोन्ही उपचार सारखेच चांगले आहेत असं तुम्हाला खरंच वाटतं का?" चिठ्ठी तेव्हाच योग्य, जेव्हा याचं उत्तर प्रामाणिकपणे "हो" असतं. ट्रम्पेटचंही त्यांना आधीच सांगा. चीर कुठून द्यायची हे ठरवताना ते लक्षात घेता येतं. ऑपरेशननंतर आलेला ओठाचा कमजोरपणा बहुतेकांत काही महिन्यांत जातो, कायमचा क्वचित राहतो.

माहितीपत्रकावर एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआय (भारतातल्या अशा अभ्यासांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक आहे का बघा. ती नोंद इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येते. संशोधनामुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार तेही लिहिलेलं हवं. सही केल्यावरही कारण न देता बाहेर पडता येतं. मात्र ऑपरेशन करायचं ठरलं तर फार लांबवू नका. दोनेक आठवड्यांनंतर हाड चुकीच्या जागी धरायला लागतं.

आणि तारा बांधल्या तर तार कापायचा कटर चोवीस तास उशाशी ठेवा, उलटी झाली तर लागतो.

धागाकर्ती

डॉक्टर, मनापासून आभार. रिपोर्टमध्ये हे आकडे लिहिलेले नाहीत, उद्या राउंडला सीटीच्या फिल्म समोर ठेवूनच विचारते. सीटीआरआय क्रमांक पत्रकावर आहे, आत्ताच पाहिला. सध्या ज्वारीची आंबील आणि गाळलेलं वरण चालू आहे, वजन उतरतंय. प्रोटीनसाठी पातळ काय देता येईल तेही कुणी सुचवा. आणि जबड्याच्या ऑपरेशननंतर सनई, क्लॅरिनेट, ट्रम्पेट असं काहीही पुन्हा वाजवलेलं कुणी असेल तर किती महिन्यांनी जमलं ते नक्की लिहा. भाऊ स्वतः हा धागा वाचतोय.