झिंक प्लेटिंगनंतरचं बेकिंग आणि तपासणी – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

12.9 ग्रेडच्या (फार मजबूत पोलादाच्या) बोल्टांवर इलेक्ट्रोप्लेटिंगनं झिंक चढवतो. कडकपणा 39 ते 44 एचआरसी (रॉकवेल सी माप), म्हणजे हायड्रोजनमुळे ठिसूळ होण्याचा धोका खराच. पिकलिंगच्या (प्लेटिंगआधी गंज-पापुद्रा काढायच्या) ॲसिडमधून आणि प्लेटिंगच्या टाकीतून हायड्रोजन पोलादात शिरतो, वर झिंकचा थर बसला की त्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. बोल्ट कसताना काहीच होत नाही, काही तासांनी किंवा दिवसांनी डोकं तुटून हातात येतं. मागच्या महिन्यात असे दोन तुटले, तेव्हापासून झोप नाही.

आता प्लेटिंगनंतर 4 तासांच्या आत भट्टीत घालून 190 ते 220 अंश सेल्सिअसला बेक करतो, म्हणजे हायड्रोजनचा त्रास कमी होतो. पॅसिव्हेशन (झिंकवर क्रोमेटचा संरक्षक थर देणं) त्यानंतरच, कारण एवढ्या उष्णतेत क्रोमेटचा थर टिकत नाही. पण बेक झालेलं झिंक काळपट पडतं आणि पॅसिव्हेशन डागाडागांचं येतं. काळपटपणा घालवायला पॅसिव्हेशनआधी सौम्य नायट्रिक ॲसिडमध्ये क्षणभर बुडवलं, तर हायड्रोजन पुन्हा शिरेल का? ही शंका मला फार छळते आहे.

दुसरं तपासणीचं. खाच पाडलेल्या नमुन्यांवर 200 तास भार ठेवायची चाचणी प्रक्रियेबद्दल सांगते, पण प्रत्येक लॉटला तेवढं थांबणं शक्य नाही. म्हणून बोल्ट तिरप्या वॉशरवर कसून 48 तास ठेवायचा विचार आहे. लॉटमधून नमुने किती घेता? आणि एक जरी तुटला, तर लॉट पुन्हा बेक करता की सरळ बाद? माझ्या मते बाद, कारण पडलेली चीर बेकिंगनं बुजत नाही. प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.