बाबांचं अर्धवट राहिलेलं लाकडी विमान: हे नक्की कुठलं? चिठ्ठीवर फक्त "ब्लॉक १७०" लिहिलंय

तन्वी_माहीम

नमस्कार मंडळी, इथे बरेच विमानवाले लोक आहेत म्हणून विचारतेय. माझे बाबा परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते, रिटायर झाल्यावर घरात बसून लाकडाची छोटी विमानं करायचे, पॅकिंगच्या खोक्याच्या देवदारापासून, किट वगैरे काही नाही, सगळं हाताने. दोन वर्षांपूर्वी ते गेले. आता घराचं रंगकाम काढलंय तर माळ्यावरून एक बुटाचा खोका निघाला, त्यात एक अर्धवट विमान आहे. दोन इंजिनं, शेपटीला दोन उभे पंख, पोटाखाली एक लांबट फुगवटा जो त्यांनी वेगळा कोरून चिकटवलाय, आणि नाकात शिवणाची सुई तोडून बसवलीये. रंग नाही, काच नाही. सोबत एक चिठ्ठी, बाबांच्या अक्षरात: "ब्लॉक १७०, नं. १, १५-२-३८". बाबांचा जन्म १९४९ चा, त्यामुळे तारीख कसली तेही कळेना.

नेटवर शोधलं तर ब्लॉक १७४ नावाचं फ्रेंच विमान सगळीकडे दिसतं पण त्याच्या नाकाला काच आहे आणि पोटाला हा फुगवटा नाही. मग बाबांनी चुकीचं केलं का? मला ते पूर्ण करायचंय. पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम २५ सेंटिमीटर भरतात, लांबी १७. एक पंख मुळाशी पावसाळ्याच्या दमटपणाने उकललाय. फुगवटा काढून टाकू की ठेवू, एवढंच आधी सांगा, कारण उरलेलं सगळं त्यावर अवलंबून आहे.

मुलुंड_८०

ताई, दोन इंजिनं आणि शेपटीला दोन उभे पंख म्हणजे मला तरी हे पोटेझ ६३-११ वाटतंय. फ्रेंचांचं युद्धाच्या वेळचं टेहळणीचं मुख्य विमान तेच, ७०० च्या वर बनली होती, त्यामुळे मॉडेलवाले लोक तेच करतात. ब्लॉक १७० असं काही मोठ्या प्रमाणात नव्हतंच. बाबांनी नाव दुसऱ्या कुठल्या चित्रावरून लिहिलं असेल. फुगवटा काढा.

सांताक्रूझ_रनवे

थांबा थांबा, प्लीज काहीही काढू नका!!

ताई तुमच्या बाबांनी चूक केलेली नाही, उलट इतकं बरोबर केलंय की मला चिठ्ठी वाचून अंगावर काटा आला. १५-२-३८ म्हणजे १५ फेब्रुवारी १९३८, त्या दिवशी ब्लॉक १७० चा पहिला प्रोटोटाइप पहिल्यांदा उडाला. "नं. १" म्हणजे तोच पहिला नमुना. तुम्ही नेटवर जे १७४ बघताय ते त्याच्यापासून पुढे तयार झालेलं, ५ जानेवारी १९३९ ला पहिल्यांदा उडालेलं विमान. बाबा १७४ करतच नव्हते, ते त्याच्या आधीचं करत होते, जे जगात एकच होतं.

मुलुंडभाऊ, पोटेझचा अंदाज शेपटीवरून ठीक आहे पण माप बसत नाही. पोटेझ ६३-११ चे पंख १६ मीटर, १/७२ ला (मॉडेलचं नेहमीचं प्रमाण, खऱ्याचा बहात्तरावा भाग) ते सव्वाबावीस सेंटिमीटरच्या आत येतात. ब्लॉकच्या या मालिकेचे पंख १७.९ मीटरचे, ७२ ने भागा, २४.८६ सेंटिमीटर. लांबी सव्वाबारा मीटर, १७ सेंटिमीटर. ताईंनी पट्टीने मोजलेलं तेच आहे.

आता फुगवटा. पहिल्या नमुन्याचं पूर्ण नाव ब्लॉक १७० एबी२-ए३ नं. १. फ्रेंच नावांमध्ये अक्षर म्हणजे काम आणि शेवटचा आकडा म्हणजे आत बसणारी माणसं. एबी२ म्हणजे दोन जणांचं हल्ला करणारं बॉम्बफेकी, ए३ म्हणजे तीन जणांचं टेहळणीचं. एकाच विमानाला दोन्ही कामं करायला लावायची म्हणून असं जोडनाव. त्यासाठी पोटाखाली तो फुगवटा दिला होता, त्यात एक तर मागे मारा करणारी मशिनगन बसायची नाही तर कॅमेरा. नाकात २० मिलिमीटरची इस्पानो-सुइझा तोफ होती, तुमची सुई म्हणजे तीच तोफ. पंखात दोन मशिनगन आणि मागच्या कॉकपिटमध्ये आणखी एक, फिरवता येणारी. पंखाच्या पुढच्या कडेला टाचणीने पाडलेली भोकं आहेत का बघा.

दुसरा नमुना बी३, म्हणजे तीन जणांचं निव्वळ बॉम्बफेकी, त्यात फुगवटा काढून टाकला आणि वरची काच बदलली. त्यामुळे फुगवटा काढलात तर ते नं. १ राहणारच नाही. बाबांनी जी खूण सगळ्यात मेहनतीने केली तीच जाईल.

तन्वी_माहीम

मी हे वाचून दहा मिनिटं नुसती बसून होते. खूप खूप धन्यवाद. पंखात भोकं आहेत, दोन, इतकी बारीक की मला वाटलं लाकडाला कीड लागलीये, मी त्यात औषध घालणार होते.

पण एक कळत नाहीये. एवढं सगळं होतं, तोफ होती, मग हे विमान कोणाला माहीत का नाही? आणि बाबांना याच्यात एवढा रस का असेल? त्यांच्या बाकीच्या कपाटात सगळी आपली विमानं आहेत, मारुत, नॅट, तुफानी.

बोरीवली_बोगी

तुफानी आहे म्हणताय ना, मग रस कुठून आला त्याचा धागा तिथेच आहे असं मला वाटतं.

ब्लॉक म्हणजे मार्सेल ब्लॉक. १९३६-३७ मध्ये फ्रान्सच्या सरकारने लष्करी विमानांचे कारखाने सरकारी मालकीत घेतले, तेव्हा त्यांचा कारखानाही नैऋत्येच्या सरकारी गटात गेला, तरी विमानं त्यांच्या नावानेच ओळखली जात राहिली. पुढे जर्मन आले, ब्लॉक ज्यू होते, जर्मनांसाठी काम करायला त्यांनी नकार दिला, १९४४ मध्ये त्यांना बुखेनवाल्डच्या छळछावणीत पाठवलं. तिथून जिवंत परत आले आणि आडनाव बदलून दासो केलं. त्यांचे भाऊ जनरल होते, प्रतिकार चळवळीत त्यांचं टोपणनाव शारदासो होतं, फ्रेंचमध्ये रणगाड्याला जो शब्द आहे त्यावरून, त्यातून हे आडनाव आलं. आणि दासोंचं उरागाँ म्हणजे आपलं तुफानी, १९५३ मध्ये हवाई दलात आलं. नंतर मिस्टेर, मिराज २०००, आता राफेल, सगळं त्याच घरातलं. तुफानी बनवणारा माणूस त्या घराचं आधीचं विमान शोधत मागे मागे गेला तर तो ब्लॉक १७० ला पोचतोच.

विक्रांत म्युझियम गेटवेहून बोटीने बघायला जायचो तेव्हा तिथे अलिझे नावाचं विमान बघितलेलं आठवतंय, तेही फ्रेंच, ब्रेगेचं, आणि ब्रेगे कंपनी पुढे दासोंनीच घेतली. तेव्हा माहीत नव्हतं, नाही तर आणखी थोडा वेळ उभा राहिलो असतो.

सांताक्रूझ_रनवे

बोगीभाऊंनी छान सांगितलं. "कोणाला माहीत का नाही" याचं उत्तर मी देतो, जरा लांबेल, कारण याच गोष्टीची मला खरंच फार हळहळ वाटते.

तेव्हा फ्रेंच हवाई दलाला एकाच विमानाने बॉम्ब टाकणं, लढणं आणि टेहळणी करणं ही तिन्ही कामं करावीत असं वाटायचं. त्यातून जड, संथ विमानं आली जी एकही काम धड करत नव्हती. ब्लॉकचंच १३१, १९३९ च्या शरदात जर्मन हद्दीवर दिवसा फोटो काढायला पाठवलं आणि इतकी पडली की दिवसा पाठवणं बंद करावं लागलं. टेहळणीच्या विमानाला लढून सुटता येत नाही, पळूनच सुटावं लागतं, आणि फोटो घेऊन परत आलं नाही तर गेल्याचा काही उपयोग नाही. पोटेझ ६३-११ ताशी ४२५ किलोमीटरच्या आसपास जायचं आणि समोर मेसरश्मिट १०९, ताशी साडेपाचशेच्या वर.

१७० मध्ये मात्र डिझाइनवाल्यांनी वेगावर लक्ष दिलं. बारीक अंग, दोन ग्नोम-रोन १४एन इंजिनं, प्रत्येकी ९७० हॉर्सपॉवर. त्यातून सुधारून केलेलं १७४ सव्वापाच हजार मीटर उंचीवर ताशी ५३० जायचं आणि अकरा हजार मीटरपर्यंत चढायचं. म्हणजे हवं ते विमान फेब्रुवारी १९३८ मध्ये उडत होतं! पण ऑर्डर कधी निघाली तर फेब्रुवारी १९३९ मध्ये, पूर्ण एक वर्षाने, तीही ५० ची. मधला काळ दोन जणांचं की तीन जणांचं, बॉम्बफेकी की टेहळणी, यात गेला. स्क्वाड्रनमध्ये विमानं पोचली मार्च १९४० मध्ये, १० मे ला जर्मन हल्ला आणि २२ जूनला शस्त्रसंधी. आधीची सहा धरून एकूण ५६ बनली. त्यातलीही बरीचशी शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून फ्रेंचांनी स्वतःच मोडून टाकली.

ज्यांनी ती उडवली त्यांच्यात लेखक सँत-एक्झ्युपेरीही होते. २३ मे १९४० ला आरास शहरावर १७४ घेऊन गेले, टेहळणी करून परत आले, पुढे १९४२ मध्ये त्या उड्डाणावर पुस्तक लिहिलं. दहा हजार मीटरवर बाहेर उणे पन्नास अंश, कॉकपिट म्हणजे नुसती काच.

जुना_कार्ब्युरेटर

इंजिनाबद्दल दोन शब्द लिहितो, मी माझगावला जहाजांच्या इंजिनांवर काम केलंय म्हणून तिकडेच लक्ष जातं. १४एन म्हणजे १४ सिलिंडर, सात-सातच्या दोन रांगा एकामागे एक, हवेने थंड होणारं. ताई, मॉडेलमध्ये पुढून इंजिन दिसणार असेल तर मागची सात सिलिंडर पुढच्या सातांच्या फटीत आली पाहिजेत, एकाच्या मागे एक नाहीत, नाही तर मागच्यांना हवाच लागणार नाही.

याच घराण्यातल्या १७५ साठी बनवलेली इंजिनं जर्मनांनी पुढे त्यांच्या जिगांट नावाच्या अवाढव्य मालवाहू विमानाला लावली, मेसरश्मिट ३२३, एकेकाला सहा सहा. विमानं संपली पण इंजिनं शत्रूकडे चालत राहिली. इंजिन बनवणाऱ्या कामगारांना काय वाटलं असेल.

मुलुंड_८०

ताई मी घाईत फुगवटा काढा म्हणालो, माफ करा. माप ताडून बघायला हवं होतं.

तन्वी_माहीम

अहो माफी कसली, तुम्ही पोटेझ म्हणालात म्हणून तर मापाचं निघालं.

आता पूर्ण करायचं कसं ते सांगा. मी फक्त राखी आणि कंदील बनवलेत आजवर. आणि रंग कुठला?

सांताक्रूझ_रनवे

आधी उकललेला पंख. आत्ता दमट आहे, लाकूड फुगलेलं आहे, लगेच चिकटवू नका. खोका तांदळाच्या डब्यात किंवा सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात आठ-दहा दिवस ठेवा, मग सांधा परत जुळवून बघा, बऱ्याचदा आपोआप बसतो. मग फेव्हिकॉल, दोऱ्याने बांधून एक रात्र. फट राहिली तर लांबी (पुट्टी) भरा, गाड्यांचे डेंटिंगवाले वापरतात तीच, पातळ थर, वाळला की पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने. पाणी लाकडाला लागू देऊ नका.

काचेसाठी मिठाईच्या डब्याचं पारदर्शक झाकण घ्या, लाकडाचा साचा कोरून त्यावर गरम करून ओढा. पहिली चार-पाच फुकट जातील, जाऊ देत. स्प्रे मारणार असाल तर पावसाळ्यात नको, रंगावर पांढरट धुकं येतं, दिवाळीपर्यंत थांबा.

फ्रेंच गोल चिन्ह ब्रिटिशांच्या उलट असतं, मध्ये निळा, मग पांढरा, बाहेर लाल. शेपटीच्या सुकाणूवर उभे पट्टे, बिजागरीकडे निळा, मग पांढरा, मागे लाल, आणि ह्याच्या शेपटीला दोन उभे पंख आहेत म्हणून दोन्हीकडे करायचे. खाकी-तपकिरी-राखाडी असे पट्टे स्क्वाड्रनमधल्या १७४ ना होते, ते बघून नं. १ वर मारू नका.

एकच निर्णय तुम्हाला करायचाय. नं. १ दोन जणांचंही होतं आणि तीन जणांचंही. फुगवट्यात मशिनगन की कॅमेरा, आत दोन सीट की तीन, हे ठरवा.

तन्वी_माहीम

ते बाबांनी ठरवलंय बहुतेक. खोक्यात तळाला एक काडेपेटी होती, मी रिकामी समजून बाजूला ठेवली होती. आत्ता तुमचं वाचून उघडली. त्यात कागदात गुंडाळलेल्या तीन सीट आहेत, पत्र्याच्या, माझ्या नखापेक्षा लहान. आणि टॉर्च लावून फुगवट्याच्या खालच्या बाजूला बघितलं तर पेन्सिलने एक चौकोन आखलाय आणि त्याच्या आत थोडंसं कोरायला सुरुवात केलीये, अर्धा मिलिमीटर असेल. ती कॅमेऱ्याची खिडकी ना?

सांताक्रूझ_रनवे

हो. ए३. टेहळणीचं.

तन्वी_माहीम

मग तिसरी सीट कुठल्या दिशेला तोंड करून लावू?

सांताक्रूझ_रनवे

मागे. तो मशिनगनवाला, त्याला सगळं मागचंच बघायचं असतं.