मुलांच्या क्वायरसाठी मराठी गाणं सुचवा ना

टोरंटोची_आई:
मंडळी, जरा मदत हवीय. लेक इथे मुलांच्या क्वायरमध्ये गाते, ८ ते १२ वर्षांची पोरं, घरोघरी भाषा वेगळी. या टर्मला दक्षिण आफ्रिकेचं सियाहाम्बा झालं, आता कोरियन आरिरंग चालूय, आंघोळ करताना पण तेच. त्यांच्या बाई म्हणाल्या तुमच्याकडचं एखादं द्या, मी तीन आवाजांत बांधते, म्हणजे तीन गट एकाच वेळी वेगवेगळे सूर गातील असं. नवरा म्हणतो अभंग दे, मला धास्ती की कॉर्ड (तीनचार सूर एकदम) घातल्या की आपली चाल चर्चमधली वाटायला लागेल. बॉलिवूड नको एवढं नक्की.

कोपऱ्यातली_पेटी:
अभंग राहू दे, भोंडला द्या! चाली चारपाच सुरांत फिरतात, लहान आवाजांना ताण नाही, ओळी परत परत येतात त्यामुळे पाठांतर आपोआप होतं. आणि पोरं स्टेजवर खांब होऊन उभी राहण्यापेक्षा पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरू देत की, गाणं मुळात तसंच आहे. आरिरंगची प्रांताप्रांतात वेगवेगळी रूपं आहेत ना, तसं इथेही, विदर्भात भुलाबाई, खानदेशात गुलाबाई. म्हणून तुमच्या आजीकडचे शब्द द्या, यूट्यूबवरचे नको.

मडगावचो:
हार्मनीला, म्हणजे वेगवेगळे सूर एकत्र गाण्याला, एवढं काय घाबरता? आमच्याकडे गोव्यात मांडो हा गाण्याचा प्रकार दोन आवाजांतच गातात, पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून पोरं नोटेशन वाचायला शिकली त्यातूनच हे आलं, म्हणून ते गोव्याचं नाही असं कोण म्हणेल? मांडो मात्र लहान मुलांना देऊ नका, सगळं प्रेम आणि विरह. दुलपोद द्या, जलद ठेका, गावातल्या गमतीजमती. कोंकणी आहे, पण चालेल ना?

रियाझ_बुडवा:
मडगावकरांशी सहमत. संगीतकार सलील चौधरींनी मुंबईत बॉम्बे यूथ क्वायर काढला, मद्रासला संगीतकार एम. बी. श्रीनिवासननी तेच केलं, आपल्या चालींना हार्मनी लावून गायलेच ना लोक. फक्त बाईंना सांगा की प्रत्येक सुराखाली कॉर्ड कोंबू नका, एका गटाने सा-प धरून ठेवायचा, दुसऱ्याने चाल, तिसऱ्याने मागून झेलायचं, बास. शिकवणं पण सोपं आहे, त्यांच्याकडे कोडाय ही मुलांना गाणं शिकवायची पद्धत असेल तर डो रे मी हाताच्या खुणांनी शिकत असतील, त्यात डो सरकता असतो, म्हणजे कुठल्याही पट्टीत धरता येतो, आपला सा पण तसाच, त्यामुळे सरगम लिहून दिली तरी पोरं पटकन पकडतील. आणि शब्द नुसते रोमनमध्ये टाईप करून पाठवू नका हो! चमच्यातला च आणि चिमणीतला च तिथे एकच दिसतो, ळ चा ल होतो. लेकीलाच फोनवर सावकाश म्हणायला लावा, एकेक ओळ सुटी, ती फाईल पाठवा.

टोरंटोची_आई:
भोंडला पक्का!! सासूबाईंना फोन केला तर त्या तासभर गातच बसल्या, सगळं रेकॉर्ड केलंय. लेक आता बाईंना ळ शिकवणार म्हणून भाव खातेय. दुलपोद पुढच्या टर्मला, मडगावकर रेकॉर्डिंग पाठवाल का? शेवटी खिरापत ओळखायचा खेळ ठेवावा का?

कोपऱ्यातली_पेटी:
अर्थात ठेवा, डबा वाजवून दाखवायचा म्हणजे तालवाद्य पण झालं. फक्त शेंगदाण्याचे लाडू नको, नट ॲलर्जीचं आधी विचारून घ्या.